हात भाजत होते, दोष मात्र विजेच्या नावावर जात होता

प्रश्न थोडक्यात असा आहे : क्ष-किरणांचा शोध लागल्यावर पहिली दहा-पंधरा वर्षं डॉक्टर आणि तंत्रज्ञ उघड्या हातांनी तासन्‌तास त्या नळीसमोर उभे राहत. कातडी भाजत होती, केस गळत होते, पुढे बोटं कापायची वेळ येत होती. एवढं डोळ्यांसमोर घडत असताना धोका कळला कसा नाही? आणि त्या काळच्या रुग्णालयांत एक्स-रेचं यंत्र विजेच्या उपचारांच्या खोलीतच का ठेवलेलं असे?

मी किरणोपचाराच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम करते, आणि मला हे दोन प्रश्न मुळात एकच वाटतात. धोका कळला नव्हता, हे खरं नाही. शोध जाहीर झाल्यापासून चार महिन्यांच्या आत अपायाची पहिली नोंद छापून आली होती. अडलं होतं ते कारणापाशी. क्ष-किरण ज्यांच्या हातात पडले त्यांतले पुष्कळ जण विजेने उपचार करणारे होते. जखम दिसली तेव्हा त्यांनी तिचा दोष आपल्या ओळखीच्या गोष्टीला, म्हणजे विजेला दिला. ती गफलत निस्तरेपर्यंत पुष्कळ माणसं हकनाक गेली.

आधी ती विजेची खोली कशी होती ते पाहू. विजेने रोग बरे करण्याचे प्रयत्न अठराव्या शतकाच्या मध्यापासून चालू होते. वीज साठवणारी लायडन जार आली आणि लगेच लकवा झालेल्या माणसांना झटके द्यायला सुरुवात झाली. बेंजामिन फ्रँकलिनकडेही असे रुग्ण येत. 1757 साली त्याने लिहिलेलं एक पत्र मला फार प्रामाणिक वाटतं. पहिले काही दिवस हातापायात थोडी सुधारणा दिसते, मग ती थांबते, आणि कायमचा गुण आलेला आपण पाहिला नाही, असं तो सांगतो. शिवाय जो तात्पुरता फरक पडला, तो प्रवासात झालेल्या हालचालीमुळे आणि बरं होण्याच्या आशेने आलेल्या उभारीमुळे पडला असावा, अशी शंकाही नोंदवतो. अडीच शतकांहून आधी उपचार करणाऱ्यानेच हे म्हणावं, याचं मला मोल वाटतं.

एकोणिसाव्या शतकात हा प्रकार रुग्णालयांत स्थिरावला. लंडनच्या गाय्‌ज हॉस्पिटलमध्ये 1836 साली विजेची खोली सुरू झाली आणि गोल्डिंग बर्ड तिचं काम पाहू लागला. फ्रान्समध्ये द्यूशेनने ओल्या इलेक्ट्रोडने एकेक स्नायू वेगळा आकुंचित करून दाखवला आणि कुठे स्पर्श केला की कुठला स्नायू हलतो, याचा नकाशाच तयार केला. हे खरं शास्त्र होतं. चेतापेशींच्या आणि स्नायूंच्या आजारांचं निदान त्यातून पुढे गेलं. मुलांच्या एका गंभीर स्नायुविकाराला आजही त्याचं नाव आहे. दुसऱ्या बाजूला कमरेला बांधायचे विजेचे पट्टे विकणारे होते. अशक्तपणापासून नपुंसकत्वापर्यंत सगळं बरं करतो, असा त्यांचा दावा असे. चांगले डॉक्टर या पट्टेवाल्यांपासून स्वतःला वेगळं ठेवायची धडपड करत होते, आणि त्यासाठी त्यांना नव्या, मोजता येणाऱ्या, शास्त्रीय दिसणाऱ्या साधनांची भूक होती.

अशा वेळी 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीत व्युर्त्सबुर्ग इथे विल्हेल्म रोंटगेनला हे किरण दिसले. 28 डिसेंबरला त्याने निबंध सादर केला आणि जानेवारीत बातमी जगभर पसरली. शोधाचं पेटंट त्याने घेतलं नाही. किरण काढायला काय लागे? हवा काढून घेतलेली काचेची नळी, हजारो व्होल्टचा दाब देणारं रुमकोर्फ कॉइल किंवा विमशर्स्टचं फिरत्या तबकड्यांचं यंत्र, आणि वीज पुरवायला बॅटऱ्या. नळी सोडली तर बाकी सगळं वीजोपचाराच्या खोलीत आधीच मांडून ठेवलेलं होतं. ते चालवायचं कसं, तारा कुठे जोडायच्या, ठिणगीपासून कसं वाचायचं हेही तिथल्याच लोकांना माहीत होतं. म्हणून यंत्र तिथे गेलं.

वीज मिळवणं हीच तेव्हा मोठी अडचण होती, हे आज लक्षात येत नाही. आपल्याकडच्या वायव्य सरहद्दीवर 1897-98 मध्ये ब्रिटिश फौजेची तिराहची मोहीम चालू होती, तेव्हा सर्जन-मेजर बीव्हर याने एक्स-रेचं यंत्र तिथल्या डोंगराळ मुलुखात नेलं आणि जखमी सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या. पुढच्याच वर्षी सुदानच्या मोहिमेत बॅटरस्बी या डॉक्टरने दोन जणांनी पायडल मारायच्या सायकलला डायनामो जोडून बॅटऱ्या भरल्या. वाळवंटातल्या उन्हात माणसं पायडल मारत होती, तेव्हा कुठे आतल्या तंबूत हाडाचं चित्र उमटत होतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. विजेने उपचार करणाऱ्याच्या अंगी काही सवयी मुरलेल्या होत्या. करंट किती द्यायचा, हे रुग्णाला जाणवतं त्यावरून ठरे. मुंग्या आल्या, चटका बसला, स्नायू उडाला की हात आखडता घ्यायचा. अपाय झाला तर तो तिथल्या तिथे दिसायचा. चांगल्या खोल्यांत मिलिअँपिअर मोजणारं मीटर असे, त्यामुळे इतके मिलिअँपिअर, इतकी मिनिटं अशी मात्रा लिहिता येई. क्ष-किरणांनी यातली प्रत्येक सवय फसवी ठरवली. किरण अंगातून जाताना काहीच जाणवत नाही. भाजल्याची खूण दोन-तीन आठवड्यांनी उमटते, आणि कर्करोग व्हायचा तर वर्षांनी होतो. मिलिअँपिअरचा आकडाही भरवशाचा नव्हता, कारण त्या जुन्या नळीत थोडा वायू शिल्लक असे. वापरता वापरता तो कमी होई, निर्वातता वाढे आणि किरणांचा जोर बदले. सकाळची नळी आणि संध्याकाळची नळी एकसारखी वागत नसे.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातली नोंद पाहा. एका मुलाच्या डोक्यात गोळी अडकली होती. त्याच्यावर वापरण्याआधी पद्धत पारखून घ्यावी म्हणून तिथल्या डडली नावाच्या प्राध्यापकाने फेब्रुवारी 1896 च्या अखेरीस स्वतःच्या डोक्याचा फोटो काढू दिला. नळी केसांपासून अर्ध्या इंचावर होती आणि किरण तासभर चालू होते. फोटो धड आला नाही. एकवीस दिवसांनी मात्र नळीसमोरच्या भागातले केस गळून तिथे टक्कल पडलं. त्याचा सहकारी जॉन डॅनियल याने हे एप्रिलमध्ये छापून प्रसिद्ध केलं. एकवीस दिवसांचं हे अंतर आज माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला लगेच ओळखू येईल. केसांच्या मुळाशी विभागणाऱ्या पेशी आधी मरतात आणि केस नंतर सुटतो. 1896 मध्ये ही साखळी कुणालाच ठाऊक नव्हती.

गळणाऱ्या केसांची अशीच एक बातमी व्हिएन्नाच्या लेओपोल्ड फ्रॉइंडने वर्तमानपत्रात वाचली आणि त्याला उलटा विचार सुचला : नको असलेले केस घालवायला हे चालेल का? त्याच्याकडे पाठीवर मोठा केसाळ डाग असलेली एक लहान मुलगी आली होती. नोव्हेंबर 1896 पासून त्याने तिला रोज दोन-दोन तास किरण दिले. केस गेले. पण पाठीच्या खालच्या भागात जास्त मारा झाला आणि तिथे चिघळणारी खोल जखम झाली. ती मुलगी म्हातारपणापर्यंत जगली, पण पाठीवरचा व्रण आणि कण्याचं दुखणं तिच्यासोबत राहिलं. आमच्या शाखेचा जन्म हा असा आहे. अपायाची बातमी वाचून उपचार सुचला.

आणि फ्रॉइंडला आपल्या यशाचं कारण काय वाटलं? नळीभोवती होणारा विजेचा विसर्ग. किरण नव्हेत. तो एकटाच असं म्हणत नव्हता. कुणी ओझोन वायूला दोष दिला, कुणी नळीतून सुटणाऱ्या धातूच्या कणांना, आणि पुष्कळांनी सरळ विजेला. त्यात तर्क होता, हे मान्य करायला हवं. एकाच दिशेने वाहणारा विजेचा प्रवाह जास्त वेळ दिला की इलेक्ट्रोडखालची कातडी भाजते, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. इथेही जवळच हजारो व्होल्टचा दाब होता आणि अंधारात नळीभोवती निळसर प्रभा दिसायची. मग भाजण्याला दुसरं कारण शोधायचं कशाला?

या समजुतीतून निघालेला उपाय मला सगळ्यांत बोधप्रद वाटतो. रुग्ण आणि नळी यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा धरायचा आणि तो तारेने जमिनीला जोडायचा, म्हणजे वीज जमिनीत उतरेल आणि रुग्ण वाचेल. आता गंमत पाहा, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा कातडीला सर्वाधिक भाजणारे मऊ, कमी शक्तीचे किरण थोडेफार अडवतो. त्यामुळे पत्रा लावल्यावर भाजण्याचं प्रमाण काहीसं कमी झालं असणारच. उपाय अंशतः लागू पडला, म्हणून चुकीचं कारण अधिकच पक्कं झालं. आजही आमच्याकडे आम्ही कमी शक्तीच्या यंत्रात अ‍ॅल्युमिनियमचे फिल्टर घालतो, ते नेमके त्या मऊ किरणांसाठी. जमिनीला जोडलेल्या तारेचा त्यात काही संबंध नाही.

खरं कारण शोधणारेही होते. विद्युत अभियंता एलिहू थॉमसन याने 1896 मध्येच आपल्या डाव्या हाताची करंगळी मुद्दाम नळीजवळ धरली. काही दिवसांनी ती सुजली, फोड आले, असह्य दुखू लागली. अति मारा घातक आहे, असा इशारा त्याने छापून दिला. व्हिएन्नातच रॉबर्ट कीनबॉक याने 1900 च्या सुमारास दाखवलं की कातडीवर होणारा परिणाम क्ष-किरणांचाच आहे, विजेच्या विसर्गाचा नाही. आणि बॉस्टनच्या विल्यम रॉलिन्सने 1901 मध्ये गिनी पिगवर केलेला प्रयोग तर निर्णायक होता. त्याने प्राणी अशा धातूच्या पेटीत ठेवला की बाहेरच्या विजेचा आत काहीच परिणाम पोचू नये. किरण मात्र आत जात होते. प्राणी मेला, आणि त्याच्या अंगावर भाजल्याची खूणसुद्धा नव्हती. म्हणजे वीज निर्दोष ठरली, आणि कातडी शाबूत असतानाही किरण आतून मारू शकतात हेही सिद्ध झालं.

रॉलिन्सने सुचवलेल्या गोष्टी आजच्या कुठल्याही एक्स-रे विभागात चालतील : नळी किरण अडवणाऱ्या पेटीत बंद करा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर शिशाची काच असू द्या, आणि जेवढा भाग पाहायचा आहे तेवढ्यावरच किरण पडू द्या, बाकीचा झाका. 1901-02 मध्ये हे सगळं छापलेलं होतं. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तो दंतवैद्य होता, कुठल्या मोठ्या रुग्णालयाचा प्रमुख नव्हता, हे एक कारण असावं. पण माझ्या मते मोठं कारण कामाच्या पद्धतीत होतं.

ती पद्धत अशी. नळीचा मिजाज बदलता असल्यामुळे रोज काम सुरू करण्यापूर्वी ती तपासावी लागे. तपासायला सगळ्यांत सोपी वस्तू म्हणजे स्वतःचा हात. डावा हात नळी आणि चमकणारा पडदा यांच्या मध्ये धरायचा आणि बोटांची हाडं किती स्पष्ट दिसतात ते पाहायचं. हाडं काळीकुट्ट दिसली तर नळी मऊ, फिकी दिसली तर कडक, म्हणजे जास्त शक्तीचे किरण देणारी. असं दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं. प्रत्येक वेळचा मारा थोडा, काहीच जाणवत नाही, आणि कातडी कोरडी पडली, भेगा पडल्या, नखं ठिसूळ झाली तर मलम लावून काम चालू. पुढे त्याऐवजी खऱ्या हाताची हाडं बसवलेली उपकरणं निघाली, पण तोवर उशीर झाला होता.

बर्मिंगहॅमचा जॉन हॉल-एडवर्ड्स हा अशांतला. फेब्रुवारी 1896 मध्ये त्याने काढलेल्या क्ष-किरण चित्राच्या आधारे शस्त्रक्रिया झाली, आणि अशा शस्त्रक्रियांतली ती अगदी पहिल्यांपैकी होती. 1908 मध्ये त्याचा डावा हात कापावा लागला, नंतर उजव्या हाताची बोटंही गेली. एडिसनकडे काम करणारा क्लॅरन्स डॅली दोन्ही हात गमावून 1904 मध्ये वारला. त्याची अवस्था पाहून एडिसनने क्ष-किरणांचं काम सोडूनच दिलं. फिलाडेल्फियाच्या मिहरान कासाबियनने स्वतःच्या हातांचा एकेक टप्पा फोटोंतून नोंदवला आणि 1910 मध्ये किरणांमुळे झालेल्या कर्करोगाने तो गेला. त्याच्या 1907 च्या पाठ्यपुस्तकाच्या नावातच रोंटगेन किरण आणि वीजोपचार हे दोन्ही विषय शेजारी शेजारी आहेत. शोध लागून बारा वर्षं झाली होती, तरी दोन्ही एकाच विद्येचे भाग मानले जात होते. जर्मनीत हाम्बुर्गच्या सांक्ट गेओर्ग रुग्णालयाच्या आवारात 1936 मध्ये या माणसांसाठी स्मारक उभारलं. त्यावर सुरुवातीला 169 नावं होती, पुढे ती तीनशेच्या वर गेली.

रोंटगेन स्वतः मात्र वाचला. फोटोच्या प्लेटा खराब होऊ नयेत आणि निरीक्षण नीट व्हावं म्हणून त्याने जस्ताची एक मोठी कपाटासारखी खोली करून घेतली होती, तिच्या एका बाजूला शिसं होतं. तो आत, नळी बाहेर. प्लेटांसाठी केलेली सोय त्याच्या अंगाला उपयोगी पडली.

मग हे सुधारलं कसं? मोजमापाने. 1902 मध्ये व्हिएन्नाच्या गिडो होल्ट्सक्नेख्टने किरण पडले की रंग बदलणारी वडी काढली. 1904 मध्ये पॅरिसच्या साबुरो आणि नॉरे यांनी ती युक्ती अधिक सोपी केली. बेरियम प्लॅटिनोसायनाइड या रसायनाची छोटी गोळी नळीपासून कातडीपर्यंतच्या निम्म्या अंतरावर ठेवायची. ती हिरव्याची तपकिरी होऊन ठरलेल्या छटेला आली की थांबायचं. केस गळतील पण कातडी भाजणार नाही, एवढी ती मात्रा असे. रुग्णाला काय जाणवतं आणि मीटरवर काय दिसतं यापेक्षा किरणांनी काय केलं ते थेट पाहण्याची ही पहिली चांगली सोय. 1913 मध्ये अमेरिकेत विल्यम कूलिजने तापलेल्या टंगस्टनच्या तारेची नळी केली आणि मिलिअँपिअरच्या आकड्याला प्रथमच खरा अर्थ आला, कारण ही नळी रोज सारखी वागे. किरण मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक आणि किरणांपासून संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती 1928 मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत ठरली. होल्ट्सक्नेख्ट स्वतः तोवर पुरता पोळला होता. त्याचा हात कापावा लागला आणि 1931 मध्ये तो वारला.

एवढं वाचून ते सगळेच अविचारी होते असं वाटू नये, म्हणून स्टॉकहोमची एक केस सांगते. 1899 मध्ये तूर स्टेनबेकने एका बाईच्या नाकावरच्या त्वचेच्या कर्करोगावर क्ष-किरणांचे उपचार सुरू केले. नऊ महिन्यांत शंभरावर बैठका झाल्या. तीस वर्षांनंतरही ती बाई ठणठणीत होती. शंभर बैठका का? त्या नळ्या इतक्या दुबळ्या होत्या की एका बैठकीत फार काही देताच येत नसे. पण याच दुबळेपणामुळे निरोगी पेशींना मधल्या काळात सावरायला वेळ मिळाला. पुढे कूलिज नळी आल्यावर काही डॉक्टरांनी सगळी मात्रा एका-दोन दमांत द्यायला सुरुवात केली आणि त्यांचे निकाल बिघडले. थोडी थोडी मात्रा अनेक दिवस देण्याचं महत्त्व पॅरिसमध्ये रेगो आणि कुतार यांनी 1920 च्या दशकात प्रयोगांनी पक्कं केलं. आमचे रुग्ण अनेकदा कंटाळून विचारतात, रोज रोज पाच आठवडे कशाला, एकदाच जोरात देऊन टाका. त्याचं उत्तर या इतिहासात आहे.

विजेच्या बाजूचं काय झालं? दोन्ही विद्या हळूहळू वेगळ्या झाल्या. अतिउच्च वारंवारतेच्या प्रवाहाने शरीराच्या आत ऊब निर्माण करण्याची पद्धत, डायथर्मी, 1907-08 च्या सुमारास रूढ झाली. फिजिओथेरपीतली शॉर्टवेव्ह ही तिचीच पुढची पायरी. त्याच तत्त्वावरची, कापताना रक्त थांबवणारी विजेची सुरी हार्वे कुशिंगने 1926 मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरली, आणि आज ती प्रत्येक ऑपरेशन थिएटरात आहे. कमरेचे पट्टे नाहीसे झाले. किरणोपचाराच्या टेबलावर झोपताना मात्र रुग्ण आजही घाबरून विचारतात, शॉक तर बसणार नाही ना? नाही बसणार, रुग्णाच्या अंगाला वीज लागतच नाही.

शेवटचा भाग काही वाचकांच्या थेट उपयोगाचा आहे. साबुरोच्या पद्धतीने डोक्यातल्या नायट्यावर उपचार सुरू झाले तेव्हा मुलांना तो वरदानच वाटला, कारण त्याआधी चिमट्याने केस उपटण्यात वर्ष-दोन वर्षं जात. ही पद्धत अनेक देशांत 1950 च्या दशकापर्यंत, म्हणजे ग्रिसिओफल्विन हे औषध येईपर्यंत चालली. इस्रायलमध्ये असे उपचार झालेल्या दहा हजारांहून अधिक मुलांचा पुढे अभ्यास झाला, आणि त्यांच्यात मेंदूच्या व थायरॉइडच्या गाठी जास्त आढळल्या. त्याच काळात काही देशांत सुजलेल्या टॉन्सिल्सवर, मुरुमांवर आणि बाळांच्या थायमस ग्रंथीवरही किरण दिले गेले. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांपैकी कुणाला लहानपणी, परदेशात किंवा इथे, डोक्याला किंवा मानेला असा उपचार झाल्याचं आठवत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मानेवर हाताने थायरॉइडची तपासणी करून घ्या, गरज वाटली तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतील. टाळूवर बरा न होणारा, मोत्यासारखा चकाकणारा किंवा सारखी खपली धरणारा डाग दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. असा डाग त्वचेच्या कर्करोगाचा असू शकतो; हा कर्करोग हळू वाढतो आणि वेळेवर काढला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.